हार्लन बिंगमनच्या बंदुकीला ठिणगी का आली नाही

जबाब देणार: सौ. नेओमा रूथ बिंगमन. वय: त्र्याहत्तर. धंदा: पूर्वी शर्टाच्या कारखान्यात शिवणकाम, आता घर, कोंबड्या आणि नवरा. राहणार: क्रो हॉलो, पेन्सिल्वेनिया राज्य. लिहून घेणार: पोलीस शिपाई डॅरिल मिटरलिंग.

मी वरील ठिकाणी राहणारी असून, आज रोजी कुणी न बोलावता स्वतःच्या पायांनी ठाण्यात हजर राहून सांगते की, ब्रेंट कीफर या माणसाने माझे पती हार्लन बिंगमन यांच्या बंदुकीची काहीही खोडी केलेली नाही. ती खोडी मी केली. ब्रेंटच्या अंगात तेवढी अक्कल नाही. हे शेवटचं वाक्य डॅरिल लिहायला तयार नव्हता. मी म्हटलं, जबाब माझा आहे की तुझा? याच्या आजीला मी ओळखते. तिलाही प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागायची.

बंदूक ठासणीची आहे, चकमकीची, हार्लनच्या आजोबांची. आमच्याकडे नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून हरणांचा जो हंगाम लागतो त्यात असलीच बंदूक चालते, दुसरी नाही, असा कायदा आहे. डॅरिलचं म्हणणं, वरचे साहेब फिलाडेल्फियाचे आहेत, त्यांना समजेल असं सांगा. सांगते. घोड्याच्या तोंडात गारगोटी धरलेली असते. चाप ओढला की घोडा पडतो आणि गारगोटी पोलादी पात्यावर घासते. ठिणगी उडते ती खालच्या वाटीतल्या रंजकीत पडते, रंजक म्हणजे बारीक दारू. तिचा जाळ बाजूच्या भोकातून नळीत जातो आणि मग बार उडतो. यात कुठंही घोड्यानं पेंड खाल्ली तर हरीण घरी जातं आणि माणूसही घरी येतो. एवढंच शास्त्र आहे, पण आमच्या खोऱ्यातले पुरुष त्यावर जन्म काढतात.

डोंगरात मर्ल स्नूकचा कॅम्प आहे. कॅम्प म्हणजे पत्र्याच्या छपराचं लाकडी घर, थोड्या खाटा, एक स्टोव्ह आणि वर्षानुवर्षं न धुतलेल्या चादरी. हंगामात पाचसहा म्हातारे तिथं जाऊन राहतात, घाण वास मारत परत येतात आणि त्याला परंपरा म्हणतात. मर्ल हा त्यांचा पुढारी. ब्रेंट कीफर हा मर्लचा जावई, हॅरिसबर्गकडचा. लोकांच्या अंगणात गरम पाण्याची टाकी बसवून देण्याचा त्याचा धंदा आहे. त्या टाकीत बसून माणसं बर्फाकडे बघतात म्हणे. यावर मला काही सांगायचं नाही.

मी हे का केलं असं विचारल्यावरून सांगते की, गेल्या हंगामात एका सकाळी आमची अ‍ॅमिश पंथाची शेजारीण सेडी पीची हातात बादली घेऊन झऱ्यावर चालली होती. हार्लन कुंपणाच्या अलीकडे उभा होता. त्याने बार टाकला. गोळी बादलीच्या एका बाजूने शिरली आणि दुसऱ्या बाजूने निघाली. सेडीच्या गुडघ्यापासून वीतभर. सेडीने ती बादली आणून माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "नेओमा, मी तपकिरी शाल पांघरली होती गं. चूक माझीच. हार्लनच्या मनाला लावून घेऊ देऊ नकोस." ती माणसं पोलिसांत जात नाहीत आणि भांडतही नाहीत. मी तिला कॉफी दिली. निम्मी कॉफी तिने टेबलावर सांडली आणि तीही स्वतःच्या एप्रनने पुसून काढली. मला वाटलं, बये, भांड. एकदा तरी तोंड उघडून भांड.

मर्ल स्नूकने दुसऱ्या दिवशी तिला नवी बादली नेऊन दिली. मग आमच्याकडे येऊन मांडी थोपटत म्हणाला, "बादली मेली, सेडी वाचली! यात तोंड पाडण्यासारखं काय आहे, नेओमा?" त्याच्याबरोबर आलेले सगळे हसले. हार्लन हसला नाही, खिडकीकडे तोंड करून बसला होता. खिडकीतून तेव्हा बघण्यासारखं काही नव्हतं.

हार्लनच्या नजरेबद्दल विचारल्यावरून सांगते की, डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं आहे. मधोमध डाग पडत चालला आहे. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही, आणि त्यावर इलाज नाही. हार्लनला विचाराल तर चष्मा जुना झालाय. ट्रक चालवायचा सोडला तो गुडघ्यामुळे. चर्चमध्ये स्तोत्रांचं पुस्तक उघडत नाही, ते सगळी पाठ आहेत म्हणून. सगळी पाठ नाहीत. तिसऱ्या कडव्याला नुसते ओठ हलवतो.

हे मर्लला माहीत आहे. कॅम्पातल्या झाडून सगळ्यांना माहीत आहे. बियांच्या पाकिटावरची अक्षरं मर्ल त्याला मोठ्याने वाचून दाखवतो आणि वर म्हणतो, "काय बारीक छापतात हल्ली!" याला ते मैत्री म्हणतात. दोस्ताला तोंडावर आंधळा म्हणायचं नाही, त्याच्या हातात भरलेली बंदूक द्यायची. असल्या दोस्तीला मी चुलीत घालते.

तोंडाने सांगून पाहिलं का, असं विचारल्यावरून सांगते की, पाहिलं. ऑक्टोबरमध्ये मी म्हटलं, "यंदा राहू दे हार्लन. तुला दिसत नाही." तो म्हणाला, "तुझ्या कपाळावरची आठी मला इथून दिसतेय." मी तेव्हा त्याच्याकडे पाठ करून भांडी घासत होते. बंदूक लपवली असती तर सगळा कॅम्प माझं घर उचकटायला आला असता आणि मीच वेडी ठरले असते. बंदूक आहे पण उडत नाही, असं झालं तर मात्र हे लोक हंगाम संपेपर्यंत तिच्याभोवती बसून राहतात. आणि दुसऱ्याची बंदूक हार्लन खांद्याला लावत नाही. आजोबांची शपथ आहे म्हणतो. आजोबांना मी पाहिलं आहे, ते शपथ घेण्याइतके शुद्धीत क्वचित असत.

माझे वडील बंदुका दुरुस्त करत. त्यांचं कामाचं टेबल अजून आमच्या तळघरात आहे. हार्लन तरणा असताना त्यांच्या हाताखाली शिकायला यायचा. तो माझ्यासाठी येत होता की बंदुकांसाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. डिसेंबरात एका शनिवारी सगळे पुरुष कॅम्पाचं धुराडं साफ करायला म्हणून मुक्कामाला गेले. मी वडिलांच्या टेबलाशी बसून बंदुकीचा घोड्याचा भाग सोडवला, त्यातलं पोलादी पातं काढलं, तारेला बांधलं आणि कोळशाच्या स्टोव्हमध्ये निखाऱ्यांवर ठेवलं. लालभडक झाल्यावर ते राखेच्या डब्यात पुरून ठेवलं. पोलाद तापवून पाण्यात विझवलं तर कडक होतं आणि राखेत हळूहळू निवलं तर मऊ पडतं. मऊ पोलादावर गारगोटी घासली की ओरखडा उठतो, ठिणगी उठत नाही. सकाळी तारेच्या घासणीने ते घासलं, तेलाचा हात दिला आणि होतं तसं बसवून टाकलं. मग चर्चला गेले. वरून बघणाऱ्याला त्यात काही कळत नाही. आणि आमच्याकडे सगळे वरूनच बघतात.

आता ब्रेंटचा संबंध कुठं येतो ते सांगते. नाताळाआधीच्या शनिवारी कॅम्पातले सगळे आपापल्या बंदुका घेऊन आमच्या स्वयंपाकघरात जमतात. हंगामाआधीची तपासणी. माझ्या टेबलावर वर्तमानपत्र पसरतात आणि बरोबर वर्तमानपत्राच्या बाहेर तेल सांडतात. एक म्हणतो गारगोटीला चामडं गुंडाळावं, दुसरा म्हणतो शिसं. एक म्हणतो उतरती बाजू वर, दुसरा म्हणतो खाली. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे ऐकते आहे, अजून निकाल लागलेला नाही. ब्रेंटने स्वतःच्या नव्याकोऱ्या बंदुकीच्या भोकात इतकं तेल सोडलं होतं की ती तळायला काढली होती की काय असं वाटावं. मर्ल तारेने ते भोक उकरत म्हणाला, "जावईबापू, आत दारू भरायची असते, भजी नव्हे." हे मात्र मर्ल बरोबर बोलला.

मग हार्लनची बंदूक आली. रिकामी आहे याची खात्री करून त्याने चाप ओढला. ठक्. काही नाही. पुन्हा ओढला. काही नाही. मग मंडळींच्या अंगात आलं.

"गारगोटी मेलीय. बदल."

बदलली. काही नाही.

"ही विलायती गारगोटी पूर्वीसारखी येत नाही आता."

"गारगोटी काय करील, घोड्याची कमान सैल पडलीय."

"अरे, पात्यावर तेलाचा हात लागलाय. पुसा, स्पिरिट लावा."

पुसलं. स्पिरिट लावलं. माझ्या भांडी पुसायच्या फडक्याने. गारगोटी उलटी लावून झाली, पुढं सरकवून झाली, मागं सरकवून झाली. टेबलाशी जितकी डोकी होती तितकी कारणं निघाली, वर एक हवामानाचं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथं तर प्रत्येकजण आपापलं अंगण घेऊन आला होता. मी हॅमचं सूप ढवळत उभी होते. मला हसू येत होतं की संताप, हे आता सांगता येणार नाही.

तेवढ्यात ब्रेंट म्हणाला, "मी एका व्हिडिओत पाहिलंय. इकडं द्या." त्याने बंदूक मांडीवर घेतली आणि पितळेच्या एका चिमुकल्या हातोडीने गारगोटीची धार टवके काढून नवी केली. धार चांगली केली, हे कबूल करावं लागेल. त्यानंतर चाप ओढला तेव्हा एकच लालसर, दमलेली ठिणगी पडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ब्रेंटने बंदुकीला हात लावला तो एवढाच, आणि तो सगळ्यांच्या देखत.

हार्लन म्हणाला, "पुरे आता. घरात अशीच करते ती. डोंगरात चालेल." याला काडीचा अर्थ नाही. स्टोव्हशेजारी जी बंदूक पेटत नाही ती बर्फात कशी पेटेल? मी मनात म्हटलं, डोळ्यांबरोबर याची अक्कलही चालली. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि सूप मागितलं.

हंगामाच्या पहिल्या दिवशी काय घडलं असं विचारल्यावरून सांगते की, पहिल्या दिवशी संध्याकाळचं जेवण आम्ही बायका कॅम्पावर नेऊन देतो. त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी पोचले तेव्हा मर्लचं पाल्हाळ चालू होतं. दुपारी हार्लनच्या समोर मोठं शिंगाळं हरीण आलं. मर्ल त्याच्या शेजारीच बसला होता. हरीण इतकं जवळ आणि इतका वेळ उभं राहिलं की त्याला आत बोलावून बसवता आलं असतं. हार्लनने बंदूक लावली, चाप ओढला, ठक्. पुन्हा घोडा चढवला, ठक्. हरणाने एकदा बघितलं आणि ते चालत निघून गेलं. पळालंसुद्धा नाही, असं मर्ल तीनतीनदा सांगत होता, जसा काही त्याचाच अपमान झाला होता.

कॅम्पाचा एक नियम आहे. हरीण टप्प्यात आलं आणि पडलं नाही, तर त्या माणसाच्या शर्टाची मागची शेपटी कात्रीने कापायची आणि नाव घालून भिंतीला ठोकायची. कारण काहीही असो, कारण चालत नाही. भिंतीवर चिंध्यांची रांग आहे. मर्लच्या पाच. ब्रेंटची गेल्या वर्षीची. हार्लनची नाही. इतक्या वर्षांत हार्लनची एकही नाही, आणि त्या कॅम्पात माणसाची किंमत त्या भिंतीवर ठरते.

ब्रेंटने कात्री उचलली. "गेल्या वर्षी माझ्याही बंदुकीने दगा दिला होता. तेव्हा ऐकलंत का कुणी? पोट धरून हसलात. नियम म्हणजे नियम." या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं शहाणं वाक्य. मर्ल म्हणाला, "अरे, पण हार्लनची..."

हार्लन उठला. त्याने पाठ फिरवली आणि शर्ट पँटमधून बाहेर ओढला. निळा फ्लॅनेलचा, मीच शिवलेला. भिंतीला हात टेकून, कातरायला काढलेल्या मेंढरासारखा उभा राहिला. भांडण नाही, शिवी नाही, 'बंदूक नादुरुस्त होती' एवढंसुद्धा नाही. मला त्याचा असा राग आला म्हणता! म्हटलं, हाच का तो, ज्याला नुसतं 'दिसत नाही' म्हटलं तर आठवडाभर बोलत नव्हता?

ब्रेंटने कात्री लावली तोच मर्ल ओरडला, "ठेव ती खाली! बंदूक तूच बिघडवलीस! त्या दिवशी टकटक करत तूच बसला होतास!"

"मी? मी धार लावून दिली! उपकार मानायचे सोडून..."

"तू आलास तेव्हापासून या कॅम्पात एक गोष्ट धड झाली नाही!"

मर्लने त्याला दाराबाहेर ढकललं. ओट्याच्या पायऱ्यांवर बर्फ होतं. ब्रेंट खाली गेला आणि त्याचं मनगट मोडलं. त्याचा आवाज आत सगळ्यांना ऐकू आला. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी. हार्लन तसाच भिंतीकडे तोंड करून उभा होता, शर्ट अर्धवट कापलेला. त्याने एक शब्द काढला नाही. माझ्या हातात सुपाचा डाव होता. मीही काढला नाही. हे लिहायचं का असं डॅरिलने विचारलं. लिही म्हटलं.

ब्रेंटला इस्पितळात मी नेलं, कारण बाकीच्यांचं बीअर पिऊन झालं होतं. वाटेत तो सारखा म्हणत होता, "काकू, मी खरंच काही नाही केलं हो. मला फक्त त्यांच्यात बसायचं होतं." मी म्हटलं, "बसून मिळालं काय? गप बस आणि हात वर धर." रस्त्यावर लक्ष ठेवायचं म्हणून मी त्याच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मर्लने इथं येऊन तक्रार दिली की ब्रेंटने बंदुकीची खोडी केली, त्यात माणूस मेला असता. स्वतःवर ढकलाढकलीचं येऊ नये म्हणून हे शहाणपण. म्हणून बंदूक ठाण्यात जमा आहे. ब्रेंटची बायको, म्हणजे मर्लची स्वतःची मुलगी, बापाशी बोलत नाही. आणि मर्लने काय केलं असेल? नवं कडक पातं मागवलं. काल आमच्याकडे येऊन हार्लनच्या पाठीत थाप मारून म्हणाला, "हार्लन्या, हंगाम संपायला अजून वेळ आहे. पोलिसांकडून बंदूक सुटली की मी स्वतः पातं बसवतो. तुझं हरीण तुला मिळवून देतो, मग तो अर्धवट कापलेला शर्ट आपण जाळू!" हार्लन म्हणाला, "बरं." सेडी पीची अजून रोज सकाळी त्याच वाटेने झऱ्यावर जाते.

म्हणजे तुम्ही यासाठी आलात का, असं विचारल्यावरून सांगते की, नाही. रात्री मी ठरवलं होतं की ते नवं पातंही स्टोव्हमध्ये घालायचं. जितकी येतील तितकी घालायची. मी इथं आले ते आज सकाळच्या बोलण्यामुळे.

आज सकाळी मी स्क्रॅपल, म्हणजे डुकराच्या खिम्याच्या वड्या, परतत होते. हार्लन टेबलाशी बसला होता. तो म्हणाला, "नेओमे, त्या गाढवाचा हात मोडला."

मी म्हटलं, "मनगट."

"मनगट. तू ठाण्यावर जाऊन ये."

"जाऊन सांगू काय?"

"तू केलंस ते."

मी गॅस बंद केला. स्क्रॅपल एका बाजूने कच्चंच राहिलं. विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तपासणीच्या त्या शनिवारी. पहिल्या ठोक्याला. कडक पातं खण्ण करतं, मऊ पातं ठक् करतं. तुझ्या बापाने मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं ते. डोळे गेलेत माझे, नेओमे. कान शाबूत आहेत."

डोळे गेलेत, हे वाक्य आमच्या घरात त्याने पहिल्यांदा उच्चारलं. बंदुकांची नावं घेतो तितक्याच सहज उच्चारलं. मी खुर्ची ओढून बसले.

मी म्हटलं, "मग त्या बावळटांसमोर बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर मर्लने त्याच दिवशी नवं पातं बसवलं असतं."

"आणि कॅम्पावर? हरीण समोर आलं तेव्हा चाप कशाला ओढलास? दोनदा?"

त्याने कॉफीचा कप चाचपून जवळ ओढला. मग म्हणाला, "मर्ल कानाशी लागला, हरीण आहे, मार. मला नुसता तपकिरी डाग दिसत होता. हरीण असेल. सेडी असेल. मर्ल म्हणतोय मार, मार. उडणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून ओढला. एरवी माझ्याच्याने बोट हललं नसतं, आणि मग मला मर्लला कारण सांगावं लागलं असतं."

यावर मी काय म्हणाले असं विचारल्यावरून सांगते की, मी म्हटलं, "एवढं होतं तर मला सांगायचं होतंस, मूर्खा." तो म्हणाला, "तू तरी कुठं सांगितलंस?" मी उठून गॅस पुन्हा पेटवला आणि स्क्रॅपल उलटलं. आमच्या लग्नात शेवटचा शब्द सहसा त्याचा नसतो.

तरी माझं म्हणणं असं की, ब्रेंट कीफरवरची तक्रार काढून टाकावी. बंदूक मर्ल स्नूकच्या हातात देऊ नये, तो कितीही गोड बोलला तरी देऊ नये. हंगाम संपेपर्यंत ती ठाण्यातच राहू द्यावी. मर्लला कारण हार्लन स्वतः सांगणार आहे, आज संध्याकाळी, सगळ्यांसमोर. मी त्याला घेऊन जाणार आहे. माझ्यावर जो काही गुन्हा होत असेल तो लावावा. स्वतःच्या घरातलं लोखंड तापवणं हा गुन्हा होत नाही असं डॅरिल म्हणतो. त्याने एकदा पुस्तकात बघून घ्यावं.

हार्लन बाहेर ट्रकमध्ये बसला आहे. त्याला आत यायचं होतं, मीच नको म्हटलं, पायऱ्यांवर बर्फ आहे. त्याचाही जबाब हवा असेल तर दोघांनी जाऊन आणावं, आणि त्याच्या बाजूला उभं राहून बोलावं. समोर उभं राहिलेलं माणूस त्याला दिसत नाही.

हा जबाब मी सांगितला तसा लिहिला गेला आहे. तो मला वाचून दाखवताना खिडकी उघडी ठेवायला लावली आणि डॅरिलला मोठ्याने वाच म्हणून सांगितलं, कारण ट्रक खिडकीखालीच उभा आहे. थंडी आत येते अशी डॅरिलची तक्रार होती. वाचन चालू असताना बाहेरून एकदा हॉर्न वाजला. कशाला हरकत होती ते विचारायला कुणी गेलं नाही. जबाब आहे तसा बरोबर आहे, त्यातला एक शब्दही बदललेला नाही, म्हणून खाली सही करते.

नेओमा रूथ बिंगमन